खालून येणारा पाऊस

आम्ही तिघं आणि एक कुत्रं, एवढाच आमचा डोंगर चढायचा कारभार. त्याला नाव नाही, बॅनर नाही, एकसारखे टी-शर्ट नाहीत. साताऱ्याकडच्या कुठल्याही गडाच्या पायथ्याला हल्ली रविवारी दोन-तीन मंडळं तरी भेटतात. चढायच्या आधी त्यांचे फोटो होतात, उतरल्यावर सत्कार होतात, आणि मधलं चढणं तेवढं उरकून घेतात. एका मंडळानं आम्हालाही एकदा ज्येष्ठ गिर्यारोहक ठरवून शाली दिल्या. आण्णांनी आपल्या शालीनं तिथंच ओलं कुत्रं पुसलं. शाल बरी निघाली, पाणी चांगलं टिपलं.

आण्णा म्हणजे तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. जैन आहेत, त्यामुळे दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण झालेलं असावं लागतं. या नेमामुळे आमची प्रत्येक मोहीम उजेडात संपते. मला अंधारात डोंगर उतरायची भीती वाटते हे मला कधी बोलून दाखवावं लागलं नाही. दुसरे सुभेदार. ते कडेगावचे, तोफखान्यातून निवृत्त, आता ऊस बघतात. तिसरा मी. वडूजच्या कॉलेजात शिकवत होतो म्हणून दोघं मला मास्तर म्हणतात. प्राध्यापक म्हणायचं तर चढावर दम पुरत नाही, असं आण्णा म्हणतात.

कुत्रं आण्णांच्या बेदाणा शेडवरचं. तांबूस रंगाचं, एक कान मोडलेला. त्याचं नाव कुणी ठेवलं नाही. ‘यू यू’ केलं की ते येतं. शेड राखायची त्याची नोकरी, पण जीप सुरू झाली की आमच्याआधी ते आत बसलेलं असतं. त्याचा जीव मालकापेक्षा सुभेदारांवर जास्त. सुभेदार दिसले की ते मागून धावत जातं आणि पुढचे दोन्ही पाय त्यांच्या कमरेवर आदळतं. सुभेदार पाऊलभर पुढे झोकांडतात, हसतात आणि म्हणतात, “आलं का इंजान.” हा त्यांचा नमस्कार.

सुभेदारांना ऐकू येत नाही. तोफांनी कान नेले. यंत्र लावलं की समोरच्याचं बोलणं कळतं. यंत्र नसेल तर ओठांकडे बघून अंदाज घेतात. पावसात यंत्र भिजू नये म्हणून ते काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवतात. तेव्हा त्यांचे कान म्हणजे कुत्रं. कुत्र्याचा दोर हातात घेऊन ते सगळ्यांत पुढे चालतात. मागून आम्ही हाक मारली की कुत्रं वळतं, दोराला हिसका बसतो, आणि सुभेदार थांबतात. स्वतःहून मागे वळून बघणं त्यांना जमत नाही. मागची माणसं मागे आहेतच, हे ते गृहीत धरतात. आयुष्यभर ती होतीही.

गेल्या भाद्रपदात आम्ही पाटणच्या वरच्या अंगाला पवनचक्क्यांच्या सड्यावर गेलो होतो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट पठार. वर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांना तिकडे सगळे पंखेच म्हणतात. पश्चिमेला सडा एकदम संपतो आणि खाली दरी आहे. तो कडा सुरक्षित अंतरावरून बघायचा, बेदाणे खायचे आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

डांबरी रस्त्याच्या कडेला जीप लावून शंभरेक पावलं गेलो असू, तोवर ढग सड्यावर उतरला. सुभेदारांनी यंत्र पिशवीत गुंडाळून खिशात टाकलं.

“सुभेदार, आज काय दिसायचं न्हाई हो,” आण्णा त्यांच्या समोर जाऊन म्हणाले.

सुभेदारांनी ओठ वाचले. “ढगच हाय न्हवं. दगूड तर न्हाई? चला.”

“मास्तर, तुमी काय म्हणताय?” आण्णा माझ्याकडे वळले.

मला परत जायचं होतं. पण तोफा उडवलेल्या माणसासमोर ढगाला भ्यालो असं म्हणायला एक वेगळंच धाडस लागतं. “थोडं पुढं जाऊन बघू,” मी म्हणालो.

थोडं पुढं गेल्यावर मागचंही दिसेनासं झालं. डाव्या-उजव्या अंगाचे पंखे आता नुसते आवाज झाले होते. पातं वरून खाली येताना डोक्यावरून कुणी मोठा श्वास ओढल्यासारखं वाटे, मग गप्प, मग पुन्हा. ते आपल्यापासून किती लांब आहे हे कळत नव्हतं. मी प्रत्येक वेळी मान आत घेत होतो. आण्णा बघून हसले.

“मास्तर, पातं हितवर पोचत न्हाई.”

“माहीत आहे.”

“मग मान आत का घेताय?”

“मानेला माहीत नाही.”

अशात कुत्रं बसलं. काही हुंगणं नाही, भुंकणं नाही. चालता चालता बूड टेकलं आणि उठेना. सुभेदारांनी दोर ओढला, तर त्यानं पुढचे पाय मातीत रोवले.

“ह्येला काय झालं रं?” सुभेदार म्हणाले. “तासगावचं न्हवं का. द्राक्षं खाऊन मऊ पडलंय.”

“पंख्याला भ्यालंय,” आण्णा मोठ्यानं, ओठ हलवून म्हणाले.

“मग धरा तुमी. मी म्होरला पंखा बघून येतो. पंख्याच्या बुडापतोर रस्ता असतोच. त्यो गावला की चला त्यावरनं.”

त्यांनी दोर आण्णांच्या हातात दिला आणि ते निघाले. आधी त्यांचे बूट दिसेनासे झाले, मग पाठीवरची पिशवी, मग लाल लोकरी टोपी. आम्ही बघत राहिलो, कारण दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

कुत्रं ज्या दिशेनं ते गेले तिकडे तोंड करून बसलं होतं आणि बारीक कण्हत होतं. आण्णांनी पाठीवर हात फिरवला.

“पण ह्ये भिणारं कुत्रं न्हवं हो,” ते जरा वेळानं म्हणाले. “दिवाळीत शेडच्या दारात फटाके वाजत्यात. ह्ये कूसबी बदलत न्हाई.”

तेवढ्यात माझ्या हनुवटीला पाणी लागलं. पावसाचे थेंब होतेच; डोक्यावर, खांद्यावर पडत होते. हे थेंब हनुवटीच्या खालच्या बाजूला लागले. मी पुसले. पुन्हा लागले. नाकपुडीत गेले.

“आण्णा, पाऊस खालून येतोय.”

“काय तरीच काय, मास्तर.”

मग त्यांनीही हनुवटी पुसली आणि हाताकडे बघत राहिले.

असं पाणी कुठे येतं हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. कड्यावर वारा खालून आदळतो आणि वर चढतो. कड्यावरून पडणारं ओढ्याचं पाणी तो उचलून परत वर फेकतो. पर्यटक लांबून त्याचं मोबाइलवर चित्रण करतात, मीही केलं होतं. लांबून ते फार सुंदर दिसतं.

म्हणजे कडा लांब नव्हता. पुढचा पंखा पुढे नव्हताच. आम्ही कधीतरी वाट चुकून पश्चिमेला वळलो होतो, आणि ज्या दिशेला पाय टाकायचा नाही असं कुत्र्यानं ठरवलं होतं, त्या दिशेला सुभेदार चालत गेले होते.

“सुभेदाऽऽर!” आण्णा ओरडले. आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. उपयोग नाही हे त्यांना तेव्हा आठवलं. तरी आम्ही दोघं ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाका मारणं थांबवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. फोनला रेंज नव्हती, आणि असती तरी त्यांचा फोन पिशवीत होता.

आम्ही गुडघ्यांवर आलो. तसेच, कुत्र्याला ओढत, थोडे डावीकडे सरकलो. हातानं पुढचं गवत चाचपायचं, मग गुडघा टाकायचा. कुत्रं आता येत होतं, पण पोट जमिनीला घासत.

“मी ह्येला सोडतो,” आण्णा म्हणाले. “ह्ये बरोबर हुडकून काढील त्येंना.”

“सोडा,” मी म्हणालो.

त्यांनी गळ्याची गाठ सोडायला घेतली. ओल्यानं ती घट्ट बसली होती. ते दातानं ओढत होते, आणि गाठ सुटायला आणि ढग फाटायला एकच वेळ आली.

सुभेदार दिसले. खळ्याच्या रुंदीइतके लांब. आमच्याकडे पाठ, एक हात कमरेवर, उसाचं पीक बघावं तसे समोर बघत उभे. कडा तिथं आत वळलेला होता, त्यामुळे आम्हाला तो बाजूनं दिसत होता: वर गवताची झालर, त्याखाली काळा ओला दगड, आणि दगडाखाली काहीच नाही. त्या झालरीवर त्यांचे बूट होते. त्यांच्या समोर दरीत ढग काठोकाठ भरला होता, दुधानं पातेलं भरावं तसा सपाट.

कुत्र्यालाही ते दिसले. आणि गाठ सुटलेली होती.

मी आयुष्यात कशावरही झेप घेतलेली नाही. त्या वेळी मी कुत्र्यावर पडलो. ते माझ्या छातीखालून सुटायला बघत होतं, नखांनी माती उपसत होतं. त्याला फक्त नमस्कार करायचा होता. आण्णांनी मागचे दोन पाय धरले. “न्हाई रं बाळा,” ते त्याच्या पाठीत तोंड खुपसून म्हणत होते, “आज न्हाई, आज न्हाई.”

“मी जाऊन धरू त्येंना?” त्यांनी विचारलं.

“मागून हात लावला तर दचकतील.”

“मग म्होरनं?”

समोरून जायला समोर जागा नव्हती. हाक मारून उपयोग नाही, हात लावायचा नाही, कुत्रं सोडायचं नाही. करण्यासारखं एवढंच उरलं की काही करायचं नाही.

मग ढग पुन्हा मिटला.

त्यानंतरचा वेळ किती होता ते मला सांगता येत नाही. पंखे श्वास ओढत होते. आण्णा णमोकार मंत्र म्हणत होते, नेहमी देवळात म्हणतात तसा सावकाश नाही, एकात एक शब्द अडकवत. माझ्या छातीखाली कुत्र्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की कुठलं त्याचं आणि कुठलं माझं हे कळत नव्हतं. आणि माझं डोकं काय करत होतं? सुभेदारांच्या घरी जाऊन वहिनींना सांगायचं वाक्य तयार करत होतं. एक वाक्य मनात जुळवलं, ते बरोबर वाटेना म्हणून शब्द बदलले. मित्र कड्याच्या टोकावर उभा असताना मी वाक्य सुधारत होतो. भीतीनं माणूस वेगळा होतो म्हणतात. मी होतो तोच राहिलो.

मग माझ्या मांडीवर काहीतरी आपटलं. पुन्हा आपटलं. कुत्र्याची शेपटी होती.

आधी बूट दिसले. ते आमच्याकडे येत होते.

“काय लावलंय?” वरून सुभेदारांचा आवाज आला. “कुत्र्याचा जीव घेताय व्हय दोघं मिळून?”

ते चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसत उभे राहिले.

“आवं, म्होरं लय झ्याक हाय. पार सपाट. पांढरं फेक मैदान लागलंय नुसतं. वाऱ्यानं चष्मा भिजला म्हणून पुसायला पाठ फिरवली, तर मागं तुमी न्हाईच. उठा. चला की गड्यांनो.”

आण्णा गुडघ्यांवर उठले. त्यांनी तळहात आडवा धरला आणि मग बोटं खाली सोडली. पुन्हा एकदा केलं. सुभेदार हसायला लागले.

“मास्तर, आण्णा नाचाय लागले बघा.”

आण्णांनी शेजारचा एक दगड उचलला, मुठीत मावेल न मावेल असा, आणि सगळा जोर लावून सुभेदार आले होते त्या दिशेला भिरकावला. तो पांढऱ्यात गेला.

आम्ही दोघांनी कान दिले. दगड पडल्याचा आवाज आला नाही.

सुभेदारांना तो आला असता तरी ऐकू आला नसता. पण आवाज झाला की नाही हे दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर वाचायची त्यांना सवय आहे. सभेत लोक टाळ्या वाजवायला लागले की ते वाजवतात, लोक हसले की हसतात. दगड गेला तेव्हा त्यांनी दगडाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग आण्णांच्या. मग पुन्हा माझ्या. कुठे तरी तो पडेल आणि आमच्या डोळ्यांत ते कळेल, अशी वाट बघत. हसू अजून तोंडावर होतं, फक्त ते तिथं विसरून राहिल्यासारखं झालं होतं.

मग ते गेलं. त्यांनी आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग मी ज्या कुत्र्यावर आडवा होतो त्या कुत्र्याकडे, आणि त्याच्या सुटलेल्या दोराकडे. ते जागच्या जागी सावकाश खाली बसले आणि दोन्ही हातांनी गवत धरलं.

“ह्येला कवापासनं धरलंय?” त्यांनी विचारलं.

मी मानेनं ते कड्यावर उभे होते त्या जागेकडे खूण केली. तेवढ्यानं त्यांना कळलं.

“सोडू नका अजून,” ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नसतं, पण तो लहान झाला होता. “मी येतो तुमच्याकडं.”

ते रांगत आले. आण्णांनी कुत्र्याच्या गळ्यात दोर बांधला, गाठीवर गाठ मारली. कुणी उभं राहिलं नाही. आम्ही तसेच, हात आणि गुडघे टेकत, कड्याकडे पाठ करून निघालो. गुडघ्यांखाली दगड टोचत होते ते बरं वाटत होतं. त्या ओळीत नेहमीसारखं चालत होतं ते फक्त कुत्रं. थेंब हनुवटीला लागायचे थांबले, मग डांबरी रस्ता हाताला लागला, तरी आधी उभं कुणी राहायचं हे बराच वेळ ठरेना.