बांधावरची पाकिटं

आमच्या धावडा गावात मिरचीचं कोणतं वाण लावायचं, हे माझा बांधशेजारी ठरवतो. तो सल्ला मात्र कुणाला देत नाही. विचारलं तर तंबाखू मळत म्हणतो, “पाहू की, जल्दी काय हाये?” म्हणून रोपं टाकायच्या दिवसांत लोक त्याच्या बांधावर चक्कर मारतात आणि बियाण्याची रिकामी पाकिटं पाहून तेच वाण आणतात. मीही आणलं.

परवा तो माझ्या रोपांपाशी उकिडवा बसला. एक रोप उपटून त्यानं पान बोटांत फिरवलं.

“पाकीट पाहून आणलं का?”

“हो.”

“ती मागच्या सालची हायेत, दुसऱ्या गावातून आणलेली. कोकडा रोगानं पानं आवळून तिथलं सगळं रान गेल्तं.”

“मंग बांधावर टाकली कशाला?”

“सगळ्यांनी माझंच वाण लावलं की भाव पडतो, अन् शिव्या बी मलाच.” तो उठला. “माझ्याकडं चांगली रोपं जास्तीची हायेत, घेऊन जा. पाकिटं तिथंच राहू दे.”

रोपं मी आणली.

आज सकाळी माझा चुलतभाऊ त्या बांधावर वाकलेला दिसला. पाकीट वर करून त्यानं मला विचारलं, “हेच ना रे?”

पलीकडं शेजारी तंबाखू मळायचा थांबला होता.