साडेसात मिलिमीटरचा मान

आमच्या घरात माप एकाचंच घेतात, आणि ते घरातल्या सर्वांत उंच पुरुषाचं. दीपावळीला सगळ्या पुरुषांना एकाच ताग्यातले, एकाच मापाचे शर्ट. ज्याला मोठा होईल त्यानं बाही दुमडायची. कुणाला कमी दिलं असं व्हायला नको, एवढाच त्यामागचा हेतू. आम्ही तंजावुरात मराठे राजांच्या मागून आलेली माणसं. राज्य केव्हाच गेलं, आता मी शाळेत गणित शिकवते आणि नवरा सरकारी कचेरीत फायली हलवतो, पण कमी घ्यायचं नाही हा बाणा शाबूत आहे. त्याच बाण्यापायी माझा गुडघा कामातून जायची वेळ आली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी रोड बाइक घेतल्या. नवरा सहा फूट, मी अंबाडा धरून पाच. पेडल ज्या दांड्याच्या टोकाला असतं त्याला क्रँक म्हणतात. माझ्या लहान सायकलीला तो एकशे पासष्ट मिलिमीटरचा होता, नवऱ्याच्या सायकलीला एकशे साडेबहात्तरचा. नवऱ्यानं दुकानातच भुवया चढवल्या. "हिला कमी का?"

आखूड पायांना आखूड क्रँक लागतो, असं दुकानदारानं परोपरीनं सांगितलं. नवऱ्याला त्यात माझा अपमान दिसला. हट्टानं त्यानं माझाही क्रँक बदलून स्वतःइतका करून घेतला. मला तेव्हा अगदी भरून आलं होतं. खोटं कशाला सांगू?

पण क्रँकची बाही दुमडता येत नाही. पेडल वर आलं की मांडी पोटावर आदळायची आणि कंबर सीटवर डावी-उजवीकडे डोलायची. दर रविवारी पहाटे आम्ही पापनाशमला जायचो, तिथं कॉफी प्यायचो आणि ऊन चढायच्या आत परत. वर्षभरात गुडघ्याची वाटी अशी दुखायला लागली की शाळेचा जिना मी आडवी उतरायचे. मुलं मागून माझी नक्कल करायची. चांगली करायची, मेली.

डॉक्टर म्हणाले, "या वयात सायकल कशाला? चालत जा." त्यांच्या पोटाचा घेर बघता ते स्वतः खुर्चीपासून दारापर्यंत तरी चालत असतील का, शंकाच आहे.

तरी मी ऐकलं. सायकल सोडायचं ठरवलं. आठवड्यातले तेवढेच दोन-तीन तास मला कुणी हाक मारायचं नाही. दोन्ही बाजूंना भातशेती, तोंडावर वारा, आणि मी कुणाची टीचर नाही, कुणाची सून नाही. ते सोडताना जीव तुटत होता. पण नवऱ्याला 'तुम्ही प्रेमानं दिलेलं मला बसत नाही' हे सांगण्यापेक्षा सोडणं सोपं वाटलं.

गिऱ्हाईक शोधा, असं सांगायला मी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. त्यानं लुंगीसारखी नेसलेली वेष्टी वर खोचली, मला सायकलीवर बसवलं, खांबाला धरून पेडल उलटं फिरवायला लावलं. चार फेऱ्या बघितल्या आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, ही सायकल तुम्ही कशी विकणार? ही तर सारांची आहे." सार म्हणजे माझा नवरा. मग म्हणाला, पाय मोजून या.

पाय मोजायची पद्धत अशी: अनवाणी भिंतीला पाठ लावायची, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत दाबून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. मी नेमकी त्या अवस्थेत असताना सासूबाई आत आल्या.

"अय्यो! काय करूं लागलीस गो?"

पुस्तक न सोडता मी सगळं सांगितलं. वाटलं, आता पूजा बांधतील. त्या पलंगावर टेकल्या.

"तुझ्या मामंजींनीं मज चपला आणल्या त्याही त्यांच्याच मापाच्या. तीस वर्षं पुढं कापूस कोंबून चाललें." मग म्हणाल्या, "बदलून घे. त्याला सांगूं नको."

माप घेऊन इंटरनेटवर गेले तर एका सूत्रानं एकशे पंचावन्न आलं, दुसऱ्यानं एकशे पासष्ट. गणिताच्या शिक्षिकेला एवढा अपमान पुरे होता. तिसरे एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की चढावर लांब क्रँकच हवा. तंजावुरात चढ म्हणजे रेल्वेचा पूल! मेकॅनिकनं सगळी सूत्रं बाजूला सारली, एकशे साठचा क्रँक मागवून बसवला आणि पाय नीट पोचावा म्हणून सीट बोटभर वर केली. पेडल वर आलं, मांडी पोटाला लागली नाही. इतकंच त्याचं शास्त्र.

रविवारी क्रँकचं नवऱ्याला काही न सांगता त्याच्याबरोबर निघाले. पाय भराभर फिरत होते. गुडघा दुखायची वाट बघत बघत पापनाशम आलं, आणि तो दुखला नाही. मागं बघते तर नवरा दिसेना. मी एकटी हसत सुटले, वेड्यासारखी.

तो आला तेव्हा मी टपरीवर कॉफी हातात घेऊन बसले होते. त्यानं सायकल टेकवली आणि त्याची नजर माझ्या क्रँकवर गेली. वाकून त्यानं तो स्वतःच्या क्रँकशी ताडून पाहिला.

"मोठा होत होता?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं बसवला होता."

त्यानं कॉफी घेतली, फुंकर मारली, प्यायला नाही. चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. मग त्यानं खाली बघत विचारलं, "आणखी काय काय मोठं होतं तुला?"

लग्नाच्या सव्वीस वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. मी टपरीवाल्याला आणखी दोन कॉफी सांगितल्या आणि नवऱ्याला म्हटलं, "बसा."