दगडाबाईची खळ

लासुर्ण्याच्या दगडाबाईनं नवऱ्याचा, म्हस्कूचा, माग विकायला काढला, तेव्हा गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. घोंगडी घेतंय कोण आता? मेंढरं गेली, माळावर ऊस आला, पोरंसोरं बाजारातलं गुबगुबीत ब्लँकेट पांघरायला लागली. म्हस्कू होता तोवर तो विणायचा आणि ही खळ करायची. चिंचोके भाजायचे, सोलायचे, भिजवून पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ लोकरीच्या धाग्यांना लावायची, म्हणजे धागा ताठ राहतो. चाळीस वर्षं बाईनं हेच केलं. म्हस्कू गेला आणि तिच्या हाताला कामच उरलं नाही. सून गुणाची होती, पण म्हणायची, "आत्ती, तुमी आता निवांत बसा." निवांत बसणं म्हणजे काय शिक्षा असते, ते बसणाऱ्यालाच ठाऊक!

चौऱ्याण्णवची दिवाळी झाली आणि ती मागाची लाकडं विकायचं विचारायला इंदापूरला नागेश सुताराच्या दुकानात आली. नागेश एका जुन्या पेटीपुढं डोकं धरून बसला होता. पेटी नरसिंहपूरहून दुरुस्तीला आलेली. झाकणावर कमळं, वेली, पोपट. बघणाऱ्याला वाटावं, काय कोरलंय! पण एक पोपट निखळून पडला आणि आत निघाला नुसता भुसा. कुणीतरी कधीकाळी लाकडाचा भुसा कशात तरी मळून, साच्यात दाबून ती नक्षी उठवली होती. नागेशला वेडच लागलं. कपाटांना प्लॅस्टिकची फुलं चिकटवून तो अगदी विटला होता. पण भुसा मळायचा कशात? गोंदात मळला तर साच्यातून सुटेना, सरसात मळला तर वाळल्यावर तडकला.

दगडाबाईनं तो पोपट उचलला, वास घेतला आणि खुशाल चाटला.

"अवो मावशी, काय करताय!"

"चिंचोका हाय ह्यो. खळ हाय बाबा, खळ! माजा जलम गेला हिच्यात."

माग विकायचा राहिलाच. दुसऱ्या दिवशी बाई पाटा-वरवंट्यासकट एसटीतनं उतरली.

दोन-तीन महिने नुसती फजिती झाली. खळ पातळ झाली की पाकळ्या खचायच्या, घट्ट झाली की भेगा पडायच्या. नागेशला भारी घाई. तो फुलं उन्हात वाळत टाकायचा आणि बाई ती उचलून सावलीत ठेवायची. "तुजं काय लगीन खोळंबलंय व्हय रं?" असं त्याला खडसवायची. पण एकदा साच्यातून अखंड कमळ सुटून हातावर आलं, तेव्हा दोघंही लहान पोरांसारखी हसली.

मग लोणी भापकरच्या दादासोंनी थोरल्या लेकीच्या, राजेश्वरीच्या, लग्नासाठी कपाट सांगितलं. ह्या नक्षीचं पहिलंच काम. ते फसलं असतं तर नागेश मुकाट्यानं पुन्हा प्लॅस्टिककडं वळला असता आणि दगडाबाई ओट्यावर निवांत बसली असती. दोघांनाही ते पक्कं माहीत होतं.

कपाट पोचतं झालं. लग्नाला आठ दिवस उरले आणि दादासोंचा निरोप आला, असाल तसे या.

गेले, तर अंगणात कपाट उभं आणि त्याच्यावर मुंग्यांची ही रांग! कमळांतून आत, वेलींतून बाहेर. लग्नघरात जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दादासो लालबुंद झाले होते.

"ही तुझी जुनी विद्या? प्लॅस्टिकचं काय वाईट होतं रं?"

नागेश मान खाली घालून म्हणाला, "चुकलं दादासो. भुसा नीट पारखला न्हाय मी. उद्या प्लॅस्टिकची बसवून देतो."

दगडाबाई गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं?

"त्याचं न्हाय काय चुकलं," ती पुढं होऊन म्हणाली. "म्या घातलाय गूळ. पयल्या घाण्यात. चांगला मूठभर."

"गूळ? अन् कशापायी?"

"पयलंच काम, त्यात लेकीचं कपाट. तोंड गोड केल्याबिगर कसं सुरू करायचं? ह्याला इचारलं न्हाय मी."

दादासोंनी रागवावं तर कशावर? शेवटी खाली बसले आणि म्हणाले, "मग आता?"

"सा दिस द्या."

घरी इंद्रावणाची वाळलेली फळं होती. माळावरचं जहर कडू फळ ते, मेंढरांच्या जखमेत किडे पडले की लावायचं. बाईनं ती खळीत उकळली. मळून मळून हात असे कडू झाले की चार दिवस तिला भाकरी गोड लागली नाही. नागेशनं जुनी फुलं खरवडली, नवी बसवली, त्यांवर पॉलिश चढवलं. दादासोंनी मुद्दाम कपाटाजवळ साखर सांडून ठेवली. मुंग्या आल्या, साखर घेऊन गेल्या, कमळाकडं एकीनंही ढुंकून पाहिलं नाही.

लग्नादिवशी कपाट टेम्पोत चढलं. दादासो वऱ्हाडातून वाट काढत नागेशपाशी आले.

"धाकटीचं पुढल्या वैशाखात हाय. तिचंबी कपाट तुझ्याकडंच. पण आत्ताच सांगून ठेवतो, ही बाई नसंल तर मला कपाट नको."

दगडाबाईचे डोळे भरून आले. पुसावेत तर बोटं अजून कडू, डोळ्याला लावायची सोय नाही. तशीच उभी राहिली बिचारी, गालांवरून पाणी वाहू देत. मग नागेशनं खांद्यावरचा पंचा घेतला आणि भर मांडवात, सगळ्यांदेखत, तिचे डोळे पुसले.