रिकामी वाटी परत देऊ नये

मी तांबट. कसब्यात पन्नास वर्षं तांब्याची भांडी ठोकली. शाळा सातवीपर्यंत, कान ठोक्यांनी निम्मे गेलेले. इंटरनेटमधलं याला काय कळणार, असं लोक म्हणतात. नव्हतंच कळत. पण न कळता जे केलं, ते मीच केलं.

मुलगी जर्मनीत नोकरीला. जाताना तिचा जुना लॅपटॉप मला देऊन गेली. शेजारच्या घड्याळवाल्यानं त्यात जुने सिनेमे फुकट उतरवून घ्यायचा एक प्रोग्रॅम टाकून दिला. म्हणाला, "काका, सिनेमा एका जागेवरून येत नाही. शंभर जणांकडून तुकडा तुकडा येतो. आणि तुमच्याकडे आलेले तुकडे तुमच्याकडून दुसऱ्यांना जातात."

मला हे फार आवडलं. आमच्या आळीत कोणाची वाटी घरात आली तर ती रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. म्हणून सिनेमा उतरला तरी मी प्रोग्रॅम बंद करत नसे. घेतलंय ना फुकट, मग देऊ दे की लोकांना! सिनेमे साठत गेले आणि देणं चोवीस तास चालू राहिलं.

बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली. दुपारी चारला मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत. ही त्याआधी केस विंचरायची, मला मागे उशी लावायला सांगायची. दोन वाक्यं झाली की मुलीचा चेहरा अडकायचा, तोंड उघडं ते उघडंच. मग कॉल तुटायचा. मी राउटरचं बटण बंद-चालू करायचो. थोडा वेळ बरं, की पुन्हा तेच.

"अहो, तुमचं ते यंत्र बंद करून बघा ना."

"त्याचा काय संबंध? ते कोपऱ्यात गप पडलंय."

"मग रोज असं का होतं?"

एक दिवस वैतागून बोललो, "अगं, तीच ठेवते फोन. तिला कामं असतात. म्हातारीचं रडगाणं रोज कोण ऐकणार?"

खोटं होतं. तिला गप्प करायला बोललो, आणि ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी केस विंचरले नाहीत. कॉल आला की "बरी आहे मी, तू कामाला लाग" एवढं म्हणून स्वतःच बंद करायला लागली. तीन आठवड्यांनी गेली.

दिवसांना मुलगी आली. तिची ऑफिसची मीटिंग आमच्या घरात तशीच अडकली, तेव्हा तिनं लॅपटॉप उघडला.

"बाबा, हे कधीपासून चालू आहे?"

"दिवाळीपासून."

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, इंटरनेटची घरातून बाहेर जायची वाट आधीच अरुंद. ती तुम्ही सगळी यानंच भरून टाकलीत. वर एका वेळी शेकडो अनोळखी लोकांशी जोडणी! तो राउटरचा एवढासा डबा किती जणांना तोंड देईल?"

तिनं बाहेर जाणाऱ्या मालाला मर्यादा घातली, जोडण्यांचा आकडा खाली आणला, उतरवून झालं की देणं आपोआप थांबेल असं केलं. पाच मिनिटांचं काम. मग सहज म्हणाली, "म्हणजे आईचे कॉल यानंच तुटायचे होय? आणि शेवटी शेवटी तर मला वाटलं, आईलाच माझ्याशी बोलायचं नाहीये."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा गाळत राहिलो.

ती परत गेल्यावर मी प्रोग्रॅमच काढून टाकला. बायको शेजाऱ्यांची वाटी भरून द्यायची, पण आधी घरच्या पातेल्यात काय उरलंय ते बघायची. मी कधी पातेल्यात डोकावलोच नव्हतो.

आता चारचा कॉल मला येतो. एकदाही अडकत नाही, तेच टोचतं. परवा मात्र सगळं सांगून टाकलं. तिच्या आईला मी काय म्हणालो, शब्दाला शब्द. आणि केस विंचरायचे तिनं कधी बंद केले, तेही.

पडद्यावर मुलीचा चेहरा तसाच राहिला. सवयीनं माझी नजर राउटरकडे गेली. पुन्हा पाहिलं, तर तिच्यामागे खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता.

काही अडकलं नव्हतं. मी फोन धरून बसून राहिलो.