गाडी फक्त ताईवरच रुसते

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे दमानंराव म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? गिऱ्हाईक आलं की हा म्हणायचा, “दमानं घेऊ,” आणि तेच नाव चिकटलं. डॅशबोर्डवर दिवे पेटले की बाकीचे आधी पार्ट बदलतात, मग विचार करतात. हा आधी विचारायचा. दिवा कधी लागला? गाडी वळत होती की सरळ? एसी चालू होता? एका वैतागलेल्या गिऱ्हाइकानं त्याला विचारलंही होतं, की तू पोलिसात का नाही गेलास. त्याचा नियम एकच होता: गाडी जशी आली तशी आधी बघायची, काही हलवायचं नाही.

हा नियम त्यानं एकदाच मोडला, तोही सख्ख्या बहिणीच्या गाडीला.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, चणीनं लहान आणि जिद्दीनं दांडगी. दाजींच्या किडन्यांनी दगा दिला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायला कोणी नव्हतं, तेव्हा पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली. परतताना दाजी शेजारच्या सीटवर गाढ झोपायचे. तेवढीच काय ती त्यांना खरी झोप लागायची.

महिन्याभरापासून मात्र गाडी रुसली होती. खड्डा आला की पडद्यावर एकामागून एक संदेश यायचे. ब्रेक तपासा. एअरबॅग तपासा. स्टेअरिंग तपासा. लगेच स्टेअरिंग जात्यासारखं जड व्हायचं आणि मिनिटभरानं सगळं गायब. दाजी आता टक्क जागे राहून प्रत्येक संदेश मोठ्यानं वाचत. ताईला मदत व्हावी हा हेतू, पण त्यानं ती जास्तच घाबरायची.

कंपनीच्या वर्कशॉपनं बॅटरी बदलली, मग एक सेन्सर बदलला. त्यांच्या माणसानं गाडी वीस किलोमीटर फिरवली, एक दिवा लागेल तर शपथ. “बाई घाबरून काहीतरी दाबत असतील,” असा निष्कर्ष निघाला. परगावी असलेल्या मुलानं फोनवर सांगून टाकलं: शनिवारपर्यंत दोष सापडला नाही तर गाडी विकायची, आणि आईनं चालवणं बंद.

बुधवारी दमानंरावानं गाडी स्वतः चालवून पाहिली. एकही खड्डा सोडला नाही. काही झालं नाही. गाडीतून उतरत तो बोलून गेला, “ताई, वय झालं आता. भाड्याची गाडी बोलावत जा.”

त्यानं पुढे केलेली किल्ली ताईनं त्याच्या टेबलावर ठेवली आणि ती चालत घरी गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

शुक्रवारी त्यानं गाडीला स्कॅनर लावला. जुन्या नोंदी निघाल्या: ब्रेकचा संपर्क तुटला, एअरबॅगचा तुटला, स्टेअरिंगचा तुटला, सगळे एकाच क्षणी. म्हणजे पार्ट शहाणे होते. ज्या वायरीवरून ते एकमेकांशी बोलतात, तिथंच काहीतरी बिनसत होतं. पण मग ते ताईच्याच हातात का? खड्डे सगळ्यांना तेच, रस्ता तोच. या प्रश्नानं त्याला जेवू दिलं नाही. डबा उघडा ठेवून तो गाडीकडे बघत बसला आणि मग एकदम त्यानं स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं.

बुधवारी गाडीत शिरताना गुडघे आपटले होते. म्हणून त्यानं सीट मागे सरकवली होती आणि स्टेअरिंग वर उचललं होतं. वर्कशॉपच्या माणसानंही तेच केलं असणार. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

त्यानं फोन लावला. “ताई, ये. तू चालव. सगळं तुझ्या नेहमीच्या जागेवर कर.”

ताईनं सीट पुढे ओढली, स्टेअरिंग अगदी खाली घेतलं. दुकानामागच्या मोकळ्या जागेतल्या गतिरोधकावरून गाडी हळू नेली. पडदा पेटला.

“दिसलं?” ताई म्हणाली.

“दिसलं. परत ने.”

त्यानं तिला चार वेळा नेऊन आणायला लावलं. एकदा स्टेअरिंग वर करून, एकदा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. खाली असलं की दिवे हजर.

“मला घाम फुटलाय आणि तू हसतोयस?” ताई म्हणाली, पण आता तिलाही बघायचं होतं.

स्टेअरिंगखालचं कव्हर काढल्यावर त्यानं टॉर्चचा झोत आत धरला. स्टेअरिंग पूर्ण खाली आलं की वायरींचा जुडगा लोखंडी पट्टीच्या कडेवर टेकत होता. दोन बारीक वायरींचं आवरण घासून गेलं होतं, आत तांबं चमकत होतं. दणका बसला की तांबं लोखंडाला लागायचं आणि सगळ्यांची बोलती बंद. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. त्यानं वायरी जोडून त्यांवर जाड नळी चढवली आणि जुडगा पट्टीपासून लांब बांधला.

“परवा मी जे बोललो ना—”

“बोललास खरं,” ताई म्हणाली. “उद्या सकाळी सातला ये. मागं बसायचं.”

शनिवारी डायलिसिसहून परतताना तो मागं बसला होता. सगळ्यात वाईट रस्ता आला. पहिला खड्डा, दुसरा, तिसरा. तो दाजींच्या आवाजाची वाट बघत होता. आवाज आला नाही. न राहवून तो पुढे वाकला.

पडद्यावर काही नव्हतं. दाजींची मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं होतं.

“उठवू नकोस,” ताई पुढं बघत हळूच म्हणाली. “महिन्यानं झोपलेत.”