एका गादीचे दोघे

दोन वर्षं आम्ही एकाच गादीवर झोपलो, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दोघंही पोटासाठी लांबून आलेले, खोली एवढीशी, त्यात गादी एकच. मी दिवसभर फरशा बसवायचो, तो रात्रभर पावाच्या भट्टीवर. सकाळी मी उठून गेलो की तो येऊन आडवा व्हायचा. उशीवर पीठ सापडलं की मी त्याला मनसोक्त शिव्या घालायचो. चादरीत सिमेंट सापडलं की तोही मला घालत असणार.

मग साथ आली, सगळं बंद पडलं, आणि पहिल्याच दुपारी एक टकल्या, ढेरपोट्या, हसरा बाप्या दारात उभा! "उशीला पीठ लावणारा तो मीच," म्हणाला. भांडायला मी बाह्या सरसावल्या होत्या, पण हा पठ्ठ्या आल्या आल्या चहाच टाकायला बसला. आता एकजण गादीवर, दुसरा जमिनीवर, असं आलटून पालटून चाललं.

चौथ्या दिवशी तपासणीला सिस्टर आल्या. एका खोलीत एकच माणूस राहील, दुसऱ्यानं शाळेच्या हॉलमध्ये जायचं. एका घरचे असाल तरच सूट. हॉलमध्ये तीनशे माणसं कोंबलेली, आणि दगडाच्या धुळीनं माझी छाती आधीच खिळखिळी. त्यात खोलीत तो माझ्या आधीपासूनचा, मी नंतर आलेला. म्हणजे जाणार कोण, ते उघडच होतं.

"आम्ही भाऊ आहोत," भट्टीवाला बिनदिक्कत म्हणाला. तो गुटगुटीत, मी काडीपैलवान! सिस्टर कसल्या फसतायत? त्यांनी मला जिन्यात उभं केलं आणि आधी त्याची उलटतपासणी घेतली. मी दाराला कान लावला.

"याला खोकला आहे?"

"आहे, पण धुळीचा, दोन वर्षं जुना. औषधाची बाटली उशाशी असते. उशी दुमडून, डोकं उंच करून झोपतो. मी येतो तेव्हा ती तशीच दुमडलेली असते."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं हो!

मग माझी पाळी. "हा झोपतो कसा?"

"भिंतीकडे तोंड करून. गादीला तिकडे खड्डा पडलाय. पित्ताच्या गोळ्या खोळीत असतात, बायकोचा फोटो गादीखाली. दोनदा माझ्याकडून चुरगळला, मी गुपचूप सरळ करून ठेवला."

शेवटी सिस्टरनी दोघांना समोर उभं केलं. "खरं सांगा, ओळख कधीपासूनची?"

"दोन वर्षं," तो म्हणाला.

"चार दिवस," माझ्या तोंडून निसटलं. मेलो!

सिस्टर मास्कच्या आत फिसकन हसल्या आणि फॉर्मवर लिहू लागल्या, "नातं, चुलत भाऊ."

तसा भट्टीवाला भडकला. "चुलत कशाला? सख्खा लिहा, सिस्टर. धाकटा आहे माझा."

मला भसकन रडूच आलं. सिस्टरनी खाडाखोड करून 'सख्खा' लिहिलं आणि शेजारच्या खोलीकडे वळल्या.