वरच्या वजनाचा गडी

"लागलं तर सांग हं गड्या," असं म्हणून तो ठोसा मारायचा. लागायचंच. पण सांगायला तोंड जागेवर राहिलं तर ना!

बेळगावच्या कॅम्पात, लष्कराच्या कोठारात, आम्ही दोघं पोती उचलायला होतो. अंगापिंडानं अगदी सारखे. तिथल्या एका गोऱ्या सार्जंटला मुष्टियुद्धाचा भारी नाद. त्यानं आमच्या हातांत कातडी मोजे चढवले आणि आम्ही सगळ्यांत वरच्या वजनी गटाचे मुष्टियोद्धे झालो. त्या वजनाचा तिसरा माणूस आसपास नव्हता. म्हणजे पहिला तो नसेल तर मी, इतकं साधं. तोच असायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. राग यावा असं काहीच करत नाही, म्हणून त्याचा जास्तच राग येतो. मी पहाटे उठून दोरीवरच्या उड्या मारायचो. हा नंदगडला घरचं भात झोडून थेट यायचा, मला लोळवायचा, आणि वर हात देऊन उठवायचा. शहापुरात माझी आई मागावर बसलेली असे. तो दिसला की माग थांबवून विचारायची, "जेवलास काय रं बाळा?" माझ्यासाठी तिचा माग कधी थांबला नाही.

मग साम्राज्यातल्या सगळ्या देशांच्या खेळांसाठी विलायतेला खेळाडू जायचे ठरले. बेळगावातून निवडीला एकच जाणार होता. आमच्या दोघांत लढत लागली आणि दुसऱ्या फेरीत मी आडवा. पुढं मुंबईतही त्यानं सगळ्यांना झोपवलं.

निघायच्या आधी तो आईचा निरोप घ्यायला गावी गेला, आणि नेमकं तेव्हाच शिंप्याला कोटाचं माप हवं होतं. सार्जंटनं मला उभं केलं. खिशावर कशिदा काढलेला तो निळा लोकरी कोट माझ्या अंगावर बेतला गेला. शिंपी म्हणाला, "जनू तुमच्यासाठनंच शिवलाय बघा." मी कोट काढून दिला. त्या रात्री घास उतरला नाही.

विलायतेत पहिल्याच लढतीत त्यानं एका धिप्पाड गोऱ्याला पालथा पाडला. समोरचा पडला की आपण लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि पंचानं दहा आकडे मोजायचे, असा नियम. हा गेलाच नाही. खाली वाकला आणि पडलेल्याला उताणा केला. पंचांनी त्याला बाद ठरवलं.

बातमी आली आणि बेळगावात हसून हसून पुरेवाट झाली. कुस्तीच्या तालमीतला गडी, समोरच्याची पाठ जमिनीला लागल्याशिवाय जिंकलो असं वाटेचना त्याला! मीही पोटभर हसलो. किती तरी महिन्यांनी अन्न गोड लागलं. मी असतो तर पदक आणलं असतं, असं चहाच्या दुकानात उघड सांगत सुटलो.

तो परत आला तेव्हा लोकांबरोबर स्वतःही हसला. एकदा पोती रचून झाल्यावर मी खोचून विचारलं, "काय रं, तिथं कुस्ती आठवली व्हय तुला?"

"न्हाय रं. त्येच्या दातावरचं रबर घशात गेलतं. घरघर आवाज येत हुता. पालथा ऱ्हायला आसता तर मेला आसता की."

"मग पंचाला सांगायचं न्हाई व्हय?"

"मला कुठलं इंग्रजी येतंय? बोट घातलं, रबर निघालं, त्यो खोकला. झालं."

"आन् हितं लोक हसत्यात ते?"

"हसू देत की. लई दिवसांनी हसत्यात."

इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. त्याची एवढी एकच चूक माझ्या वाट्याला आली होती. तीही त्यानं काढून घेतली.

पुढं दुसऱ्या महायुद्धात तो फौजेबरोबर इराकात गेला आणि परत आला नाही. वरच्या वजनात आता मीच पहिला. कुणी ती पालथ्या गोऱ्याची गोष्ट काढून हसू लागलं, की मी त्याला गप्प करतो आणि खरं काय ते सांगतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलतात. माझ्या छातीत अजून जळतं.

परवा एकानं विचारलं, "अण्णा, त्या जागी तुमी आसता तर?"

"मी कोपऱ्यात जाऊन हुबा ऱ्हायलो आसतो," मी म्हणालो.